घरच्या मोटारीची बॅटरी : आधी मोजावे, मग बदलावे

घरात काही वस्तू अशा असतात की, त्या नीट चालू आहेत तोवर त्यांची आठवणही कोणाला होत नाही. मोटारीची बॅटरी ही त्यांपैकीच एक. बॉनेटखालच्या कोपऱ्यात, काही गाड्यांत आसनाखाली तर काहींत डिकीत बसवलेली ही जड पेटी तीन-चार वर्षे मुकाट्याने काम करीत राहते. मग एखाद्या पहाटे, नेमकी वडिलांना दवाखान्यात न्यायची किंवा मुलीला परीक्षेच्या केंद्रावर पोचवायची घाई असताना, किल्ली फिरवली तरी ‘टक्’ एवढाच आवाज येतो. शेजाऱ्यांना हाक मारून गाडी ढकलली जाते, फोनाफोनी होते आणि दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते. काही हजार रुपये खर्च होतात, पण निदान प्रश्न मिटला असे समाधान मिळते. कधी कधी मात्र पंधरा दिवसांनी तीच गाडी तशीच अडते. तेव्हा लक्षात येते की, दोष बॅटरीत नव्हताच.

ताप आला म्हणजे रोग कळला असे होत नाही. गाडी सुरू न होणे हेही केवळ लक्षण आहे. त्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणे संभवतात : बॅटरी रिकामी झालेली असते, बॅटरी जीर्ण झालेली असते, किंवा बॅटरी धडधाकट असूनही तिला भरणारी अथवा तिची शक्ती पुढे नेणारी व्यवस्था बिघडलेली असते. पहिल्या कारणावर भरणे हा उपाय आहे, दुसऱ्यावर बदलणे आणि तिसऱ्यावर दुरुस्ती. या तिन्हींतला भेद ओळखण्यासाठी लागणारे साधन विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात काही शे रुपयांत मिळते. त्याचे नाव डिजिटल मल्टिमीटर. तीन वेळा, तीन अवस्थांत त्याने मोजमाप केले की बहुतेक निदान घरच्या अंगणातच होते.

पेटीच्या आत काय असते?

शिसे आणि आम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लान्ते या शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या प्लेटांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत काढली आणि तिची साठवणशक्ती पुष्कळ वाढली. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते मात्र पुढे. आरंभीच्या मोटारी समोरच्या दांड्याने हाताने फिरवून सुरू कराव्या लागत. दांडा उलटा फिरला तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. तेव्हापासून आजपर्यंत त्या कामाचा भार मुख्यतः याच जातीच्या बॅटरीने वाहिला आहे.

बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी बॅटरी प्रत्यक्षात सहा कप्प्यांची असते. प्रत्येक कप्पा पूर्ण भरलेला असताना सुमारे २.१ व्होल्ट विद्युतदाब देतो. सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले असल्याने एकूण दाब १२.६ व्होल्ट होतो. कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या प्लेटा सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसते आणि द्रव अधिकाधिक पाण्यासारखा होत जातो. बॅटरी भरताना ही क्रिया उलट घडते.

याच क्रियेत बॅटरीच्या मरणाचे बीज असते. रिकामी बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर प्लेटांवरील सल्फेटचे कण घट्ट स्फटिक बनतात आणि नंतर भरूनही ते सुटत नाहीत. म्हणून ‘नंतर बघू’ ही वृत्ती बॅटरीला जेवढी बाधते, तेवढा गाडीचा वापर बाधत नाही.

हात लावण्यापूर्वी

तपासणी सोपी असली तरी बॅटरी हे खेळणे नव्हे. तिच्यातील आम्ल त्वचा, डोळे आणि कपडे जाळते. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून तपासणी मोकळ्या हवेत करावी. जवळ उदबत्ती, काडेपेटी, विडी-सिगारेट असे काहीही पेटते नसावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. अंगठी, बांगड्या, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे, कारण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा पडला तर क्षणात लाल होतो. आम्ल अंगावर उडाले तर त्या जागी निदान पंधरा मिनिटे वाहते पाणी सोडावे. डोळ्यांत गेले तर तसेच धुवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांना शिकवण्यासाठी बोलवावे, पण हाताच्या अंतरावर उभे करावे.

पेटी फुगलेली असेल, तिला तडा गेला असेल, द्रव गळत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मोजमाप, भरणे, दुसऱ्या गाडीची केबल जोडणे यांपैकी काहीही करू नये आणि जाणकाराला बोलवावे. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते व तिची तपासणी पुढीलप्रमाणेच करता येते. परंतु नारिंगी आवरणाच्या जाड तारा जिथे दिसतील तिथे शेकडो व्होल्टचा विद्युतदाब असतो. त्या भागाला घरी कोणीही हात लावू नये.

आधी डोळ्यांनी

मापक हाती घेण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते पाहावे. बॅटरीच्या दोन टोकांवर, म्हणजे टर्मिनलांवर, पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी जमली आहे काय? तारेची पकड हाताने हलवली तर फिरते काय? बॅटरी आपल्या बैठकीत घट्ट बांधलेली आहे की खड्ड्यांतून जाताना हिंदकळते? वरची बाजू ओली व मळलेली आहे काय? गाडी अडण्याचे कारण कित्येकदा इथेच सापडते. सैल किंवा भुकटीने माखलेल्या पकडीतून दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण स्टार्टरला लागणारा शंभर अँपिअरांहून अधिक प्रवाह जाऊ शकत नाही.

सफाई करायची असल्यास गाडी बंद करून आधी ऋण टर्मिनलाची तार सोडवावी, मग धन टर्मिनलाची. जोडताना क्रम उलटा : आधी धन, शेवटी ऋण. हा क्रम पाळला तर पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने भुकटी धुवावी. मात्र ते पाणी कप्प्यांत शिरू देऊ नये. मग कोरडे करून पकड घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. तार सोडल्याने घड्याळाची वेळ किंवा काचांची स्वयंचलित रचना पुन्हा लावावी लागते, हे ध्यानी असावे. पुढील तिन्ही मोजमापांसाठी मात्र एकही तार सोडवावी लागत नाही.

पहिले माप : विश्रांतीत

बॅटरी किती भरलेली आहे हे पहिल्या मापावरून कळते. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. नुकत्याच चालून आलेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा दाब असतो आणि तो फसवा असतो. रात्रभर थांबणे शक्य नसेल तर इंजिन बंद ठेवून पुढचे मोठे दिवे दोन मिनिटे लावावेत, मग बंद करून काही मिनिटांनी मोजावे.

मल्टिमीटरचा चक्री खटका एकदिश, म्हणजे डीसी, व्होल्टच्या २० या आकड्यावर आणावा. काळी तार ‘कॉम’ असे लिहिलेल्या छिद्रात आणि लाल तार व्होल्टच्या छिद्रात घालावी. दहा अँपिअर असे लिहिलेले तिसरे छिद्र असते. त्यात लाल तार चुकूनही राहू नये, नाहीतर मापकातूनच सर्व प्रवाह धावतो आणि अपघात होतो. लाल टोक धन टर्मिनलाच्या शिशाच्या खुंटीला आणि काळे टोक ऋण खुंटीला टेकवावे.

आकडा १२.६ किंवा थोडा अधिक आला तर बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव भाग शिल्लक, आणि ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असलेल्या काही मोटारींत आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषलेली बॅटरी असते. तिचे पूर्ण माप सुमारे १२.८ असते.

येथे एक गोष्ट विसरू नये. या मापाने भरलेपणा कळतो, बळ कळत नाही. काठोकाठ भरलेला लहान गडू आणि काठोकाठ भरलेली घागर यांच्या पाण्याची पातळी बाहेरून सारखीच ‘पूर्ण’ दिसते. जीर्ण बॅटरीही विश्रांतीत १२.६ दाखवू शकते. म्हणूनच केवळ या एका आकड्यावर तिला निर्दोष किंवा निकामी ठरवणे घाईचे ठरते.

दुसरे माप : श्रमात

बळाची परीक्षा श्रमाच्या क्षणी होते. मापकाची दोन्ही टोके तशीच टेकवून एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने गाडी सुरू करावी. त्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असल्याची खात्री करावी. तारा, ओढणी, सैल बाही पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर असाव्यात. स्टार्टर फिरत असताना आकडा झपाट्याने खाली येतो आणि इंजिन सुरू होताच वर चढतो. हा क्षण इतका छोटा असतो की डोळ्यांना तो निसटतो. मोबाइलवर मापकाचे चित्रीकरण करून मग संथ गतीने पाहिले तर नीचतम आकडा सापडतो. साध्या मापकात तो थोडा चुकू शकतो, तरी अंदाजाला पुरतो.

भरलेल्या, सशक्त बॅटरीचा दाब या वेळी साधारणपणे दहा व्होल्टच्या वर राहतो. तो ९.६ च्या खाली घसरला आणि त्याआधी विश्रांतीत बॅटरी पूर्ण भरलेली होती, तर प्लेटा जीर्ण झाल्या असे मानण्यास सबळ आधार मिळतो. बॅटरी आधीच निम्मी रिकामी असेल तर मात्र ही परीक्षा न्याय्य नाही. उपाशी माणसाची कुस्ती लावून त्याचे बळ ठरवू नये. आधी बॅटरी पूर्ण भरावी, रात्रभर ठेवावी आणि मग पुन्हा हीच परीक्षा घ्यावी. बॅटरीच्या दुकानात याचीच काटेकोर आवृत्ती ठरावीक भार देऊन केली जाते. घरचा निष्कर्ष आणि दुकानातील निष्कर्ष जुळले, तर खर्च निःशंक मनाने करता येतो.

तिसरे माप : चालत्या इंजिनावर

इंजिन सुरू झाल्यावर वीज निर्माण करण्याचे काम अल्टरनेटर करतो. तो गाडीतील विजेची उपकरणे चालवतो आणि बॅटरीही भरतो. इंजिन चालू असताना पुन्हा त्याच दोन खुंट्यांवर मोजले असता १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा यावा. दिवे आणि पंखा लावल्यावर तो किंचित उतरेल, पण टिकून राहिला पाहिजे. आकडा साडेबाराच्या आसपासच घुटमळत असेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा मधल्या तारा यांत दोष असण्याचा संभव आहे. अशा गाडीत नवी बॅटरी बसवली तरी तीही काही दिवसांत रिकामी होईल. उलट आकडा सतत पंधराच्या पुढे जात असेल तर बॅटरी वाजवीपेक्षा अधिक भरली जाते, तापते आणि तिचे पाणी आटते. काही नव्या गाड्यांत इंधन वाचावे म्हणून संगणक हा दाब गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. तेथे एका आकड्यावर विसंबू नये, काही मिनिटे पाहावे आणि शंका राहिल्यास मेकॅनिकला विचारावे.

तीन गाड्या, एक तक्रार

समजा, एकाच गल्लीतील तीन गाड्या सोमवारी सकाळी अडल्या. तिन्ही घरांतून ‘बॅटरी गेली’ हेच वाक्य ऐकू येईल.

पहिल्या गाडीचे विश्रांतीतील माप ११.९ भरले. मंडळी वीस दिवस परगावी होती आणि गाडी उभी होती. बॅटरी चार्जरवर सावकाश भरली, रात्रभर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी १२.६ आली. स्टार्टर फिरताना १०.४ वर थांबली. ही बॅटरी जीर्ण नव्हती, केवळ रिकामी होती.

दुसऱ्या गाडीचे माप आधीपासूनच १२.६ होते. पण किल्ली फिरवताच ते ८.३ वर कोसळले. बॅटरी पाच वर्षांची होती. तिचा काळ भरला होता.

तिसऱ्या गाडीत विश्रांतीत १२.६ आणि किल्ली फिरवतानाही १२.५. तरी इंजिन ढिम्म. याचा अर्थ बॅटरीवर श्रमाचा भारच पडला नाही, वीज वाटेतच अडली. मापकाचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवरील तारेच्या पकडीवर टेकवून किल्ली फिरवली, तेव्हा जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे तिथे कित्येक व्होल्ट दिसले. पकडीच्या आत भुकटीचा थर होता. सोडा, ब्रश आणि पाना एवढ्यावर काम झाले.

तीन घरांपैकी एकाच घराला बॅटरी विकत घेण्याची गरज होती. उरलेल्या दोघांनी न मोजता खर्च केला असता, तर पैसे तर गेलेच असते आणि दोन चांगल्या बॅटऱ्या अकाली भंगारात गेल्या असत्या.

झाकणे असलेल्या बॅटरीसाठी

वर सहा झाकणे असतील तर हायड्रोमीटर हे आणखी एक उत्तम साधन उपयोगी पडते. रबरी फुगा दाबून कप्प्यातील थोडा द्रव काचेच्या नळीत ओढायचा आणि आतील तरंगकावरून त्याचे विशिष्ट गुरुत्व वाचायचे. सामान्यतः १.२६५ म्हणजे पूर्ण, १.२२५ म्हणजे तीन-चतुर्थांश, १.१९० म्हणजे निम्मे आणि १.१५५ म्हणजे पाव. उष्ण प्रदेशांसाठी काही उत्पादक हे माप मुळातच थोडे कमी ठेवतात. म्हणून सोबतची पुस्तिका पाहावी.

शाळकरी मुलांना यातले एक गणित अवश्य करून दाखवावे. विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवले की त्या कप्प्याचा दाब अंदाजे मिळतो. १.२६५ मध्ये ०.८४ मिळवले तर २.१०५. त्याची सहापट १२.६३. मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर या दोन निराळ्या साधनांची साक्ष अशी एकमेकींशी जुळते. हायड्रोमीटरचा विशेष हा की, तो सहाही कप्प्यांची चौकशी स्वतंत्रपणे करतो. पाच कप्पे १.२५० आणि एकच १.१८० असेल, तर तो एक कप्पा साऱ्या पेटीला बुडवणार हे नक्की. दोन कप्प्यांत ०.०५० किंवा अधिक अंतर ही धोक्याची खूण मानतात.

द्रवाची पातळी प्लेटांच्या खाली गेली असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील क्षार प्लेटांना मारक असतात. आम्ल तर कधीच घालू नये, कारण उडून गेलेले असते ते पाणी, आम्ल नव्हे.

उभी गाडीही वीज खाते

आजकाल अनेक घरांत मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात आणि गावच्या घरी आई-वडिलांची गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. कुलूप, चोरघंटा, घड्याळ, संगणक यांना बंद गाडीतही थोडी वीज लागते. हा खर्च ५० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा विसावा भाग, धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास वीज जाते. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. वीस दिवसांत त्यातील २४ अँपिअर-तास, म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक साठा निघून जातो. बॅटरी मुळात निम्मीच भरलेली असेल तर दहा-बारा दिवसही पुरतात.

रोज सकाळी गाडी जागेवर पाच मिनिटे सुरू करून बंद करणे हा उपाय अनेक ज्येष्ठ मंडळी निष्ठेने करतात. परंतु सुरू करण्यात खर्ची पडलेली वीज आणि नित्याची गळती एवढ्या वेळात नीट भरून निघेलच असे नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवून आणणे हिताचे. तेही शक्य नसेल तर घरगुती चार्जर घ्यावा आणि बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे एक-दशांश प्रवाहाने, म्हणजे ३५ च्या बॅटरीसाठी साडेतीन अँपिअरांनी, हवेशीर जागी ती सावकाश भरावी.

महाराष्ट्रात बॅटरीचा मोठा शत्रू उन्हाळा आहे. गाडी थंडीच्या पहाटे अडते म्हणून दोष थंडीला दिला जातो, पण प्लेटांची झीज वैशाखातच झालेली असते. विदर्भात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी चढते. म्हणून गाडी सावलीत उभी करणे आणि उन्हाळा संपता संपता एकदा मोजमाप करणे, या दोन सवयी फार उपयोगी आहेत.

जुनी बॅटरी कोठे जाते?

बॅटरी खरोखरच संपली असे मापाने ठरले, तरी जबाबदारी संपत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा आणि शिशाच्या संयुगांचा असतो. शिसे हे मेंदूवर, विशेषतः वाढत्या मुलांच्या मेंदूवर, आघात करणारे विष आहे. मुलांच्या रक्तातील त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. भारताने शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद केले ते याच कारणाने. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांमागे एकाच्या, रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे आणि उघड्यावर फोडल्या व वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांच्या अवशेषांतून शिसे वेचून विकत. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी, अवघ्या काही महिन्यांत, तेथील अठरा बालके दगावली. मातीत, अंथरुणात, घरातील धुळीत शिसे होते. ज्यांनी त्या बॅटऱ्या वापरून टाकून दिल्या, त्यांना ही मुले कधी दिसलीही नसतील.

म्हणून दारावर आलेल्या भंगारवाल्याने पन्नास-शंभर रुपये अधिक देऊ केले तरी जुनी बॅटरी त्याच्या हाती देऊ नये. अशा बॅटऱ्या कोठेतरी कोयत्याने फोडल्या जातात, आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळते. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या कपड्यांवरून ती धूळ त्याच्या घरी, त्याच्या मुलांपर्यंत पोचते. आपल्या देशात याविषयी २००१ पासून नियम आहेत आणि २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. त्यांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा योग्य पुनर्वापर करण्याचे उत्तरदायित्व उत्पादकांवर टाकले आहे. ग्राहकाचे काम सोपे आहे : नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी, तिची वजावट किमतीत मिळवावी आणि त्याची नोंद पावतीवर करून घ्यावी. योग्य कारखान्यात गेलेले शिसे जवळजवळ सर्वच्या सर्व पुन्हा नव्या बॅटरीत वापरता येते.

नोंदवहीचे एक पान

गाडीच्या कागदपत्रांसोबत एक छोटी वही ठेवावी. बॅटरी बसवल्याची तारीख पहिल्या ओळीत लिहावी आणि दर तीन महिन्यांनी तीन आकडे : विश्रांतीतील, स्टार्टर फिरतानाचा आणि चालत्या इंजिनावरचा. दहा मिनिटांचे काम आहे. घरातील आठवी-नववीतल्या मुला-मुलीकडे वडिलधाऱ्यांच्या देखरेखीखाली ते सोपवले, तर विज्ञानाच्या पुस्तकातला व्होल्ट त्यांना प्रत्यक्ष भेटेल.

एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची ओळ अधिक बोलते. श्रमातील माप १०.८ वरून १०.५, पुढे १०.१ आणि मग ९.७ असे उतरत गेलेले दिसले, की बॅटरी अडण्याच्या कित्येक आठवडे आधीच तिचा निरोप घेण्याची वेळ कळते. मग ती सवडीने, चार दुकानांत भाव विचारून बदलता येते. वडिलांना दवाखान्यात न्यायच्या रात्री गाडी अंगणात मुकी उभी राहत नाही, आणि चांगली बॅटरी केवळ संशयावरून भंगारात जात नाही.